नवी पिकअप, तरी सकाळी सेल्फ लागत नाही? बॅटरी बदलण्याआधी ‘या’ पाच गोष्टी मोजा

नारायणगावात टोमॅटोचे क्रेट भरून झाले आहेत. उजाडायच्या आत वाशीच्या बाजार समितीत माल उतरवायचा आहे. ड्रायव्हर चावी फिरवतो, ‘टक’ असा एकच आवाज येतो आणि डॅशबोर्डवरचे दिवे मंद होतात. गाडी जेमतेम तीन महिन्यांची. हप्ता दर महिन्याला ठरल्या तारखेला जाणार, पण गाडी जागची हलत नाही. उशिरा पोहोचलेल्या मालाला मिळेल तो भाव घ्यावा लागतो.

अशा वेळी आजूबाजूचे दहा जण एकच सल्ला देतात, ‘बॅटरी गेली, बदलून टाक.’ बऱ्याचदा नवी बॅटरी बसतेही आणि आठवड्याभरात तीही डाऊन होते. कारण खराबी बॅटरीत नसतेच. ती असते एखाद्या ढिल्या जोडात, गंजलेल्या अर्थमध्ये किंवा गाडी शोरूममधून बाहेर पडल्यावर मारलेल्या एखाद्या वायरीत. ती शोधायची कशी, हे समजून घेऊया.

नव्या गाडीत बिघाड येतोच कसा?

कार शोरूममधून थेट घरी येते. पिकअपचे तसे नसते. पूजा झाली की ती बॉडीवाल्याकडे जाते. तिथे जाळी, ताडपत्रीचे पाइप, जादा पट्ट्या वेल्डिंग करून बसवल्या जातात. नंतर मोठा हॉर्न, एलईडीच्या पट्ट्या, म्युझिक सिस्टीम, जादा प्रकाशाचे बल्ब आणि जीपीएस ट्रॅकर बसतो. यातले प्रत्येक काम वेगवेगळा माणूस करतो आणि प्रत्येक जण जवळ दिसेल त्या वायरीला सोलून जोड मारतो.

जुन्या गाडीत हे चालून जायचे. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम लागू झाले. तेव्हापासूनच्या डिझेल पिकअपमध्ये इंधन किती आणि कधी सोडायचे, धूर कसा साफ करायचा, हे सगळे ईसीयू म्हणजे गाडीतला छोटा संगणक ठरवतो. सेन्सरकडून त्याला येणारे बरेचसे सिग्नल ५ व्होल्टच्या आतले असतात. त्यामुळे अर्धा व्होल्ट इकडेतिकडे झाला तरी तो गोंधळतो. पूर्वी ज्या ढिल्या जोडामुळे फक्त दिवा मिणमिणायचा, त्याच जोडामुळे आता चेक इंजिनचा दिवा लागतो किंवा गाडीची ताकद कमी होते.

आधी लक्षण ओळखा

हत्यार हातात घेण्याआधी गाडी काय सांगते आहे, ते ऐका.

‘टक’ किंवा ‘टक-टक-टक’ आवाज आला आणि दिवे मंद झाले, तर सेल्फपर्यंत पुरेसा करंट पोहोचत नाही. बॅटरी उतरली असेल किंवा टर्मिनल ढिले असेल.

दिवे लख्ख आहेत, पण आवाजच नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका. सेल्फचा रिले, फ्यूज, क्लचचा स्विच किंवा चावी ओळखणारी इमोबिलायझर यंत्रणा तपासावी लागेल.

गाडी चालू असताना बॅटरीचे चित्र असलेला लाल दिवा लागला, तर तो बॅटरी खराब झाल्याचे सांगत नसतो. चार्जिंग होत नसल्याचे सांगत असतो. म्हणजे अल्टरनेटर (गॅरेजमध्ये अजूनही त्याला डायनामोच म्हणतात), त्याचा पट्टा किंवा त्याची वायर पाहा.

इंडिकेटर दिला की टेल लॅम्पही लुकलुकतो किंवा ब्रेक दाबला की दुसराच दिवा मंद पेटतो? ही अर्थ खराब झाल्याची ठळक खूण आहे. करंटला परतीची वाट मिळत नाही, म्हणून तो दुसऱ्या दिव्यातून वाट काढतो.

खड्ड्यात किंवा पावसातच बिघाड येत असेल, तर कुठला तरी कनेक्टर नीट बसलेला नाही किंवा त्यात पाणी शिरते आहे.

मल्टिमीटरने मोजा पाच गोष्टी

साधा डिजिटल मल्टिमीटर काहीशे रुपयांत मिळतो आणि गाडीत ठेवता येतो. पहिल्या चार चाचण्यांसाठी तो २० व्होल्ट डीसीवर ठेवा.

१. बंद गाडीची बॅटरी : गाडी काही तास उभी राहू द्या. मग लाल टोक बॅटरीच्या प्लसला आणि काळे मायनसला लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. १२ च्या खाली असेल तर ती जवळजवळ रिकामी आहे. आधी पूर्ण चार्ज करा, मगच तिच्याविषयी मत बनवा. उतरलेली बॅटरी आणि खराब बॅटरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२. सेल्फ मारताना : मीटर तसाच लावून ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. आकडा खाली येणारच. पण पूर्ण चार्ज बॅटरीचा आकडा ९.६ व्होल्टच्याही खाली कोसळत असेल, तर बॅटरी आतून कमजोर आहे किंवा सेल्फ प्रमाणापेक्षा जास्त करंट खेचतो आहे.

३. चालू गाडीचे चार्जिंग : इंजिन चालू करा. साधारण १३.५ ते १४.७ व्होल्ट दिसायला हवेत. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटरवर ईसीयूचे नियंत्रण असते, त्यामुळे आकडा थोडा खालीवर होतो. म्हणून हेडलाइट आणि ब्लोअर चालू करून, रेस थोडी वाढवून पाहा. तरीही आकडा सतत १३ च्या खाली राहिला तर चार्जिंगमध्ये दोष आहे. १५ च्या वर गेला तर बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक्स दोन्हींना धोका आहे.

४. जोडांमधली गळती : ही चाचणी सर्वांत कमी केली जाते आणि सर्वांत जास्त उपयोगी पडते. मीटरचे एक टोक बॅटरीच्या मायनस खांबावर, तर दुसरे इंजिनच्या स्वच्छ धातूवर ठेवा आणि सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपर्यंत आकडा ठीक. त्याहून बराच जास्त असेल तर अर्थची पट्टी ढिली, गंजलेली किंवा रंगाच्या थरावर बसवलेली आहे. तसेच बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या जाड वायरीच्या टोकापर्यंत मोजा. तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालते.

यामागचे गणित शाळेतल्या ओमच्या नियमाचे आहे. डिझेल इंजिनाचा सेल्फ सहज २०० अँपिअर खेचतो. जोडात फक्त ०.०१ ओहमचा अडथळा असेल तर २०० गुणिले ०.०१, म्हणजे २ व्होल्ट तिथेच खर्च होतात. एवढा छोटा अडथळा डोळ्यांना दिसत नाही. टर्मिनल वरून चकचकीत दिसते, पण सेल्फला मात्र पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत किंवा मासळीची वाहतूक करणाऱ्या गाडीत असा गंज लवकर चढतो.

५. बंद गाडीत जाणारा करंट : रात्री ठीक असलेली गाडी सकाळी स्टार्ट होत नसेल तर ही चाचणी करा. गाडी बंद करा, दारे लावा आणि किमान अर्धा तास थांबा, कारण ईसीयू लगेच ‘झोपत’ नाही. ब्लेड फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन छोटे ठिपके उघडे असतात. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून दोन्ही टोके त्या ठिपक्यांवर टेकवा. ज्या फ्यूजवर शून्य येते, त्यातून करंट जात नाही. जिथे आकडा दिसतो, त्या सर्किटमध्ये काहीतरी जागे आहे. फ्यूज काढायची गरज नाही. मात्र ट्रॅकरसारखी वस्तू थेट बॅटरीला जोडली असेल तर ती फ्यूजबॉक्समध्ये सापडणार नाही. तिची वायर वेगळी शोधावी लागेल.

बंद गाडीने साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंत करंट घेणे सामान्य मानले जाते. म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. पण चुकीच्या जोडणीमुळे अर्धा अँपिअर जात असेल, तर दिवसाला १२ आणि तीन दिवसांत ३६ अँपिअर-तास जातात. ७० अँपिअर-तासांची नवी कोरी बॅटरीही त्यात निम्मी होते. सणाला गाडी तीन दिवस उभी राहिली आणि चौथ्या दिवशी सेल्फ लागला नाही, याचा अर्थ आता लागेल.

संशयित कोण?

बाहेरून बसवलेला ट्रॅकर, चावी बंद केल्यावरही चालू राहणारी म्युझिक सिस्टीम, सतत खोचलेला मोबाइल चार्जर आणि ओबीडी सॉकेटमध्ये विसरलेला ब्लूटूथ स्कॅनर यांच्यापासून सुरुवात करा. ओबीडी सॉकेटला चावी बंद असतानाही वीज मिळते. बाहेरून जोडलेली वस्तू एक-एक करून काढा आणि प्रत्येक वेळी पुन्हा मोजा.

दुसरा संशयित म्हणजे जादा वॉटचे बल्ब. ६० वॉटचे दोन बल्ब मिळून सुमारे १० अँपिअर घेतात. तिथे १०० वॉटचे बसवले तर करंट जवळपास १७ अँपिअर होतो. वायरीतली उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे तीच वायर पावणेतीनपट तापते. आधी होल्डर वितळतो, मग वायरीचे आवरण.

आणि फ्यूज? तो वारंवार उडतो म्हणून १० अँपिअरच्या लाल फ्यूजजागी ३० चा हिरवा बसवणे किंवा तार गुंडाळणे म्हणजे आगीला आमंत्रण. वायरीआधी आपण जळायचे, हेच फ्यूजचे काम आहे.

हे चुकूनही करू नका

- इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल काढून ‘डायनामो चार्ज करतो का’ हे पाहणे. जुन्या गाडीत ही युक्ती खपून जायची. आज त्या क्षणी व्होल्टेज अनेक पटींनी उसळून ईसीयू जळू शकतो.
- मोठ्या ट्रककडून जंप स्टार्ट घेणे. मोठ्या ट्रकची यंत्रणा साधारणपणे २४ व्होल्टची असते, पिकअपची १२ व्होल्टची. हायवेवर मदत मागताना हे आधी विचारा. जंप करताना शेवटचा काळा चिमटा उतरलेल्या बॅटरीवर नाही, तर इंजिनच्या धातूवर लावा. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि तिथे ठिणगी नको.
- बॅटरीची मायनस वायर न काढता बॉडीवर वेल्डिंग करणे.
- पिवळ्या आवरणाच्या वायरींना हात लावणे. त्या बहुधा एअरबॅगच्या असतात. बल्बचा टेस्टरही ईसीयूच्या वायरींना लावू नका.
- बॅटरी पूर्ण मेलेली असताना धक्का मारत बसणे. ईसीयू आणि इंजेक्टरला वीजच नसेल तर नवे डिझेल इंजिन धक्क्याने चालू होत नाही.

काम करताना हातातले कडे, अंगठी काढून ठेवा. बॅटरी सोडवताना मायनस आधी काढा, जोडताना मायनस शेवटी लावा.

सर्व्हिस सेंटरला काय सांगाल?

‘गाडी स्टार्ट होत नाही’ एवढेच सांगितले तर बॅटरी चार्ज होऊन गाडी परत मिळते. त्याऐवजी जॉब कार्डवर तारीख, किलोमीटर, गाडी किती तास उभी होती आणि मोजलेले व्होल्ट लिहायला लावा. स्कॅनरमध्ये आलेले कोड मागून घ्या. उदाहरणार्थ, ‘पी ०५६२’ हा कोड यंत्रणेचे व्होल्टेज कमी पडल्याचा आहे. एकाच वेळी चार-पाच सेन्सरचे कोड आले तर सेन्सर बदलण्याआधी व्होल्टेज आणि अर्थ तपासायला सांगा. इतके सेन्सर एकदम खराब होणे दुर्मीळ असते.

वॉरंटीची खरी अडचण इथेच येते. बाहेरच्या वायरिंगमुळे झालेला बिघाड वॉरंटीतून साधारणपणे वगळलेला असतो. कापलेली एक वायर दिसली की पूर्ण दोष मालकावर ढकलायला वाव मिळतो. म्हणून जादा वस्तू बसवायचीच असेल तर मूळ वायर न कापता, स्वतंत्र रिले आणि बॅटरीजवळ स्वतंत्र फ्यूज टाकून बसवा आणि बिल जपून ठेवा. बॅटरीची वॉरंटी अनेकदा वेगळी असते. तिचे कार्ड गाडीच्या कागदांसोबत ठेवा.

दाद मिळाली नाही तर?

‘गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहक नाही,’ असे उत्तर पिकअपमालकांना कधीकधी दिले जाते. ते सरसकट खरे नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यावसायिक हेतू’त मोडत नाही. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले होते, की स्वतः चालवून उदरनिर्वाह करण्यासाठी ट्रक घेणारा माणूस ग्राहक ठरतो. ड्रायव्हर ठेवून अनेक गाड्या चालवणाऱ्याला मात्र हा आधार मिळणे कठीण.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ५० लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करता येते आणि त्यासाठी तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. तिथे ‘गाडी सारखी बंद पडते’ या वाक्यापेक्षा तारखा आणि व्होल्टचे आकडे लिहिलेली तीन जॉब कार्डे जास्त कामाला येतात. म्हणून प्रत्येक फेरीनंतर जॉब कार्डचा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.