लढाईमागचा जनरल : माँटगोमेरी मेग्ज

अमेरिकेच्या यादवी युद्धाचा विषय निघाला की ग्रँट, शर्मन आणि ली ही नावे आपसूक येतात. माँटगोमेरी मेग्जचे नाव निघत नाही, आणि हा इतिहासाने केलेला अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मे १८६१ मध्ये मेग्ज उत्तरेच्या सैन्याचा क्वार्टरमास्टर जनरल झाला. कपडे, बूट, तंबू, घोडे, खेचरे, दाणावैरण, गाड्या, जहाजे हे सारे त्याच्याकडे आले. शिधा दुसरे खाते विकत घेई, पण तो छावणीपर्यंत पोहोचवायचा मेग्जनेच. एका घोड्याला रोज १२ पौंड दाणा आणि १४ पौंड गवत ठरलेले होते. हजारो जनावरांचा हिशेब त्यावरून मांडला की हे ओझे किती अवाढव्य होते ते उमगते.

उत्तरेकडे कारखाने, रेल्वे आणि पैसा असल्यावर त्या खुर्चीत कोणीही चालला असता, असा यावर आक्षेप घेतला जातो. पहिल्या वर्षाचा अनुभव मात्र उलट सांगतो. ठेकेदारांनी जुन्या चिंध्यांच्या कापडाचे गणवेश सैन्याच्या गळ्यात मारले आणि ते पावसात विरले. पैसा होता, कारखाने होते, तरी शिपायाच्या अंगावर धड कपडा नव्हता. दक्षिणेतही जॉर्जियाची कोठारे भरलेली असताना व्हर्जिनियात लीचे सैनिक अर्धपोटी लढत होते. संपत्ती आपोआप रसद होत नाही. मध्ये हिशेबाचा पक्का आणि हाताचा स्वच्छ माणूस लागतो. मेग्ज तसा होता. वॉशिंग्टनला पाणी आणणारी योजना उभारताना ठेक्यांवरून युद्धमंत्री जॉन फ्लॉइडशी त्याचे बिनसले. १८६० मध्ये त्याची रवानगी फ्लोरिडापलीकडच्या ड्राय टॉर्टुगाज बेटांवर झाली, तरी तो नमला नाही. पुढे त्याच्या खात्याने युद्धात सुमारे दीड अब्ज डॉलर खर्च केले.

ग्रँटने आपल्या आठवणींत १८६४ च्या मोहिमेतील गाड्यांची व्यवस्था वर्णिली आहे. प्रत्येक गाडीवर कोअरचे चिन्ह, डिव्हिजनचा रंग आणि ब्रिगेडचा क्रमांक असे. आत दाणा आहे की गवत, पाव आहे की कॉफी, हेही बाहेरच लिहिलेले. रिकामी गाडी लगेच तळाकडे परते आणि तोच माल भरून येई. याचे श्रेय ग्रँट रुफस इंगल्सला देतो, ते रास्तच आहे. पण इंगल्स मेग्जच्याच खात्याचा अधिकारी होता आणि त्याच्यामागची खरेदी व वाहतूक मेग्जची होती.

शर्मन तर रसदेची वाट सोडून समुद्रापर्यंत गेला, मग मेग्जचे काय, असेही विचारता येईल. पण त्याआधी १,००,००० माणसे आणि ३५,००० जनावरे १९६ दिवस ४७३ मैलांच्या एकेरी रेल्वेमार्गावर जगली, हा शर्मनचाच हिशेब आहे. समुद्राकडे जाताना वाटेतल्या गावांतून धान्य आणि जनावरे ओढून नेता आली. पायातले बूट मात्र तसे मिळत नव्हते. जानेवारी १८६५ मध्ये, शर्मनची फौज जिथे समुद्राशी पोहोचली होती त्या सव्हानाला मेग्ज स्वतः गेला आणि कॅरोलायनाकडे निघायच्या आधी त्या फौजेला कपडे, बूट आणि इतर सामान पुरवण्याच्या कामावर त्याने जातीने देखरेख केली.