तीन तबकड्यांमधून मोकळा झालेला आवाज
जॉर्ज हॅरिसन यांच्या एकल वाटचालीतील जबलपूर आणि मुंबईचे दुवे

जबलपूर : नर्मदेकाठच्या या शहराचा पाश्चात्त्य रॉक संगीताशी काही संबंध असेल, असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. मात्र 'बीटल्स' या जगप्रसिद्ध वाद्यवृंदातील गिटारवादक जॉर्ज हॅरिसन यांनी वाद्यवृंद फुटल्यानंतर काढलेल्या पहिल्या एकल ध्वनिमुद्रिकेचा मागोवा घेऊ लागले, की तो लंडनहून मुंबई, हृषीकेश आणि पर्यायाने जबलपूरपर्यंत येऊन पोहोचतो. 'ऑल थिंग्ज मस्ट पास' ही तीन तबकड्यांची ध्वनिमुद्रिका नोव्हेंबर १९७० मध्ये प्रसिद्ध झाली. ती इतकी मोठी का झाली आणि तिच्यात भारतीय भक्तिसंगीताचे सूर कुठून आले, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

दोन गाण्यांची मर्यादा

२५ फेब्रुवारी १९४३ रोजी लिव्हरपूल येथे जन्मलेले हॅरिसन हे बीटल्समधील वयाने सर्वांत लहान सदस्य. वाद्यवृंदाची बहुतेक गीते जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी ही जोडी रचत असे. हॅरिसन यांच्या वाट्याला एका ध्वनिमुद्रिकेत साधारणपणे एक किंवा दोन गाणी येत. १९६८ च्या दुहेरी ध्वनिमुद्रिकेतही तीस रचनांपैकी केवळ चार त्यांच्या होत्या. रचना मात्र साठतच होत्या. 'ऑल थिंग्ज मस्ट पास' हे शीर्षकगीत जानेवारी १९६९ मध्ये बीटल्सच्या तालमीत वाजवले गेले. पण त्यांच्या ध्वनिमुद्रिकेत त्याला जागा मिळाली नाही. 'इझन्ट इट अ पिटी' हे गाणे तर त्याहून जुने, १९६६ चे.

याच तालमींच्या काळात, १० जानेवारी १९६९ रोजी, हॅरिसन वाद्यवृंद सोडून निघून गेले. काही दिवसांनी ते परतले, तरी आतली दरी बुजली नाही. त्याच वर्षी त्यांच्या 'समथिंग' आणि 'हिअर कम्स द सन' या गीतांनी ते लेनन-मॅकार्टनी यांच्या तोडीचे रचनाकार असल्याचे सिद्ध केले. एप्रिल १९७० मध्ये मॅकार्टनी यांनी फारकत जाहीर केली आणि बीटल्सचे पर्व संपले.

जबलपूरचे महर्षी

हॅरिसन यांची आध्यात्मिक ओढ या सर्व काळात वाढत होती. ऑगस्ट १९६७ मध्ये बीटल्सचे सदस्य लंडनमध्ये महर्षी महेश योगी यांच्या व्याख्यानाला उपस्थित राहिले. महेशप्रसाद वर्मा हे महर्षींचे पूर्वाश्रमीचे नाव असून त्यांचे पूर्वायुष्य जबलपूरशी निगडित आहे. येथील तोफगाडी कारखान्यात त्यांनी काही काळ नोकरी केल्याचेही सांगितले जाते. अलाहाबाद विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे शिक्षण घेतल्यानंतर ते ज्योतिर्मठाचे शंकराचार्य स्वामी ब्रह्मानंद सरस्वती यांच्या सेवेत राहिले आणि पुढे त्यांनी भावातीत ध्यानाचा जगभर प्रसार केला. जबलपूरचा कारभार १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यातून चालत असल्याने मराठी वाचकांनाही हे शहर परके नाही.

फेब्रुवारी १९६८ मध्ये बीटल्स महर्षींच्या हृषीकेश येथील आश्रमात दाखल झाले. हॅरिसन आणि लेनन सर्वांत शेवटपर्यंत, म्हणजे एप्रिलपर्यंत, तेथे राहिले. पुढे मतभेद झाले आणि बीटल्स महर्षींपासून दुरावले. हॅरिसन यांचा कल नंतर हरे कृष्ण पंथाकडे अधिक झुकला. पण जप आणि ध्यान त्यांनी सोडले नाही. 'ऑल थिंग्ज मस्ट पास'मधील अनेक गीतांचा आशय याच साधनेतून आला आहे.

मुंबईतील पाच दिवस

हृषीकेशला जाण्याच्या सुमारे महिनाभर आधी हॅरिसन मुंबईत आले होते. त्यापूर्वी १९६६ मध्ये पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकण्यासाठीही ते मुंबईत उतरले होते. जानेवारी १९६८ मधील मुक्काम मात्र कामासाठी होता. 'वंडरवॉल' या चित्रपटाच्या संगीताचे काही भाग त्यांनी ९ ते १३ जानेवारी या काळात एचएमव्हीच्या मुंबई स्टुडिओत ध्वनिमुद्रित केले. तेथे केवळ मोनो यंत्र असल्याने भास्कर मेनन यांनी कोलकात्याहून दोन ट्रॅकचे स्टिरिओ यंत्र रेल्वेने आणले, अशी आठवण हॅरिसन यांनी पुढे सांगितली. आशिष खाँ यांचे सरोद, शिवकुमार शर्मा यांचे संतूर आणि महापुरुष मिश्र यांचा तबला या ध्वनिमुद्रणात आहे. याच मुक्कामात 'द इनर लाइट' या बीटल्स-गीताचे वाद्यसंगीतही मुद्रित झाले. त्यात हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी ऐकू येते.

'वंडरवॉल म्युझिक' नोव्हेंबर १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले. बीटल्सपैकी एखाद्या सदस्याची ही पहिली एकल ध्वनिमुद्रिका. त्यामुळे काटेकोर गणनेत 'ऑल थिंग्ज मस्ट पास' ही हॅरिसन यांची पहिली ध्वनिमुद्रिका ठरत नाही. १९६९ मध्ये त्यांचा इलेक्ट्रॉनिक ध्वनींचा एक प्रयोगही निघाला होता. परंतु त्या दोहोंत त्यांनी गायिलेली गीते नव्हती. गीतकार, गायक आणि गिटारवादक म्हणून हॅरिसन स्वतंत्रपणे उभे राहिले ते १९७० मध्येच.

नवे वादन, नवा नाद

एकूण २३ रचनांच्या या ध्वनिमुद्रिकेची निर्मिती हॅरिसन यांनी फिल स्पेक्टर यांच्यासमवेत केली. अनेक गिटार, पियानो आणि ड्रम एकाच वेळी वाजवून त्यावर घुमारा चढवायचा, ही स्पेक्टर यांची पद्धत. एरिक क्लॅप्टन, बिली प्रेस्टन, रिंगो स्टार आदींनी यात साथ केली. काम सुरू असतानाच, जुलै १९७० मध्ये, हॅरिसन यांच्या मातोश्रींचे निधन झाले.

हॅरिसन यांचे स्लाइड गिटारवादन या ध्वनिमुद्रिकेत प्रथमच ठळकपणे समोर आले. बोटात घातलेली काचेची वा धातूची नळी तारेवरून सरकवली, की एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड जाता येते. भारतीय संगीतातील मींडेशी याचे जवळचे नाते आहे. सतारीचा सखोल अभ्यास त्यांनी तोवर थांबवला होता. पण त्यातून लाभलेला स्वरांचा लगाव गिटारवर उतरला, असे अनेक समीक्षकांचे मत आहे.

'माय स्वीट लॉर्ड' या गीतात ख्रिस्ती स्तुतिशब्द, हरे कृष्ण नामजप आणि मराठी घरांत लहानपणीच पाठ होणारा गुरुस्तुतीचा संस्कृत श्लोक एकत्र आले आहेत. ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत ते पहिल्या क्रमांकावर पोहोचले. एकल कलाकार म्हणून हे यश मिळवणारे हॅरिसन हे बीटल्सपैकी पहिले ठरले.

यशाची किंमत

याच गीताने त्यांना न्यायालयातही नेले. १९६३ मधील 'ही इज सो फाइन' या गाण्याशी त्याची चाल जुळते, असा दावा दाखल झाला. १९७६ मध्ये न्यायालयाने ही उचल अजाणतेपणी झाल्याचे मान्य केले, तरी हॅरिसन यांना जबाबदार धरले. पुढे त्यांचेच माजी व्यवस्थापक ॲलन क्लाइन यांच्या कंपनीने त्या जुन्या गाण्याचे हक्क विकत घेतले. त्यामुळे वाद आणखी चिघळला आणि १९९८ मध्येच पूर्णपणे मिटला. अजाणता झालेली नक्कलही कायद्याच्या कक्षेत येते, याचे उदाहरण म्हणून हा खटला आजही अभ्यासला जातो.

दुसरीकडे, या यशामुळेच हॅरिसन यांच्या शब्दाला वजन आले. १ ऑगस्ट १९७१ रोजी रविशंकर यांच्या विनंतीवरून त्यांनी न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या मदतीसाठी संगीतसभा भरवली. लोकप्रिय संगीतातील मोठ्या मदत-कार्यक्रमांची परंपरा तेथून सुरू झाली, असे मानले जाते.

हॅरिसन यांचे २९ नोव्हेंबर २००१ रोजी, तर महर्षींचे ५ फेब्रुवारी २००८ रोजी निधन झाले. हृषीकेशचा तो आश्रम डिसेंबर २०१५ पासून पर्यटकांना पाहता येतो. ध्वनिमुद्रिकेतील घुमारा फार झाला, असे हॅरिसन यांना अखेरीस वाटत असे. पन्नाशीनिमित्त २०२१ मध्ये त्यांचे पुत्र धनी यांच्या देखरेखीखाली तिचे नव्याने ध्वनिमिश्रण झाले. त्यात वाद्यांचा कल्लोळ थोडा मागे सारून हॅरिसन यांचा आवाज पुढे आणण्यात आला आहे.