सैरंध्री वन आणि दारुहरिद्रा

केरळातील पालक्काड जिल्ह्यात सायलेंट व्हॅली हे सदाहरित वर्षावन आहे. स्थानिक परंपरेत याला सैरंध्री वन म्हणतात आणि येथील नदी कुंतीपुळा, म्हणजे कुंतीची नदी. मुक्कालीहून वनखात्याच्या जीपने सुमारे २३ किलोमीटर आत गेल्यावर ग्रंथात वाचलेला आनूप देश प्रत्यक्ष दिसतो. भरदुपारीही दाट छाया, ओली मृत्तिका, शेवाळलेले बुंधे व त्यांवर चढलेल्या जाड वेली. उंच कुलेनिया वृक्षांची काटेरी फळे हे दुर्मीळ सिंहपुच्छ वानराचे प्रमुख अन्न.

येथील नियोजित जलविद्युत प्रकल्प प्रदीर्घ जनआंदोलनानंतर १९८३ मध्ये रद्द झाला आणि १९८४ मध्ये हे वन राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले.

पश्चिम घाटाच्या अशा सदाहरित वनांत मरमंजळ (कॉसिनियम फेनेस्ट्रॅटम) ही वेल वाढते. आपण हिमालयातील बर्बेरिस अरिस्टाटा दारुहरिद्रा म्हणून योजतो. केरळीय वैद्य या वेलीचे पीतवर्ण कांड योजतात. दोहोंत बर्बेरिन आढळते. मात्र ही वेल अतिशय सावकाश वाढते व तिच्यात नर आणि मादी वेली भिन्न असतात. कांडासाठी मादी वेल तोडली, की तिच्यासह बीजही जाते. बेसुमार तोडीमुळे ती आज दुर्मीळ झाली आहे.

राष्ट्रीय उद्यानाला कायद्याचे संरक्षण आहे. बाहेरील वनांत मात्र आपली मागणीच तोडीस कारण ठरते. म्हणून वैद्यबंधूंनी द्रव्य खरेदी करताना व्यापाऱ्यास त्याचे उगमस्थान अवश्य विचारावे आणि लागवडीच्या द्रव्यास प्राधान्य द्यावे.