विशेष बालकाची शिक्षणयोजना : पालकांनी काय पाहावे?

मुलाचे नाव शाळेच्या पटावर आहे, परंतु वर्गात शिकविलेले त्याच्या पदरी पडत नाही, ही खंत अनेक पालकांच्या मनात असते. श्रवणदोष, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा अध्ययन अक्षमता असलेल्या बालकांना केवळ प्रवेश मिळणे पुरेसे नसते. त्यासाठीच समग्र शिक्षा योजनेत वैयक्तिक शिक्षणयोजनेची तरतूद आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार नमूद आहेत. दिव्यांगत्वाचे प्रमाण किमान ४० टक्के असल्याचे प्रमाणित झालेल्या बालकास ६ ते १८ वर्षे या वयात जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण घेण्याचा हक्क आहे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, तसेच द्वितीय व तृतीय भाषेतून सूट अशा सवलतींचाही या अधिनियमात उल्लेख आहे.

शिक्षणयोजनेत चार गोष्टी स्पष्ट असाव्यात. बालकाला आज काय येते, ठरावीक मुदतीत काय यावे, त्यासाठी कोण कोणते साहाय्य करील आणि प्रगतीचा आढावा केव्हा घेतला जाईल, या त्या गोष्टी होत. ‘वाचन सुधारेल’ हे उद्दिष्ट मोघम होय. त्याची प्रगती मोजता येत नाही. ‘दिवाळीच्या सुट्टीपर्यंत जोडाक्षरे नसलेली पाच वाक्ये मदतीशिवाय वाचील’ असे लिहिले, तर काम झाले किंवा नाही हे अल्पशिक्षित पालकांनाही पडताळता येते.

ही योजना वर्गशिक्षक, विशेष शिक्षक व पालक यांनी एकत्र बसून तयार करावयाची असते. मूल कशाला घाबरते, कोणत्या खुणेने पाणी मागते, कोणत्या खेळात रमते, हे घरातील माणसांइतके कोणास ठाऊक असणार? ही माहिती पालकांनी संकोच न बाळगता सांगावी. न समजलेला शब्द विचारून घ्यावा, वाचल्याशिवाय स्वाक्षरी करू नये आणि योजनेची एक प्रत मागून घ्यावी. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, वैद्यकीय अहवाल व मुलाच्या वह्या एकत्र जपून ठेवाव्यात.

आढाव्याच्या वेळी उद्दिष्ट साधलेले नसेल, तर दोष मुलाच्या माथी मारू नये. उद्दिष्ट, पद्धत किंवा साहाय्य यांपैकी काय बदलावयास हवे, याचा विचार व्हावा. योजनेचा कागद फाईलमध्येच राहिला, तर मुलाचे एक वर्ष वाया जाते. पालकांनी वेळोवेळी केलेल्या विचारणेमुळे ते वर्ष वाचू शकते.