जादूचं सामान मागवताय? आधी अलिबागची हवा लक्षात घ्या

रीलमध्ये एक तरुण रिकामी मूठ दाखवतो, त्यातून लाल रुमाल काढतो आणि खाली खरेदीची लिंक असते. नागाव, काशीद, मुरूडच्या रिसॉर्टवर शनिवार-रविवारी वाढदिवसाचे छोटे कार्यक्रम करून चार पैसे मिळवायचा विचार असेल, तर ती लिंक दाबायचा मोह होणारच. पण तो व्हिडिओ एकाच बाजूने घेतलेला असतो.

जादूच्या बऱ्याच साधनांचं हेच दुखणं. समोरून पाहिलं तर चमत्कार, बाजूने पाहिलं तर सगळं उघडं. किनाऱ्यावर लोक गोल करून उभे राहतात आणि मुलं तर थेट पाठीमागे येतात. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा, की हे चारही बाजूंनी चालतं का? उत्तर गोलमोल आलं तर पैसे वाचवा.

दुसरी गोष्ट खारी हवा. ५२ पत्त्यांची कागदी गड्डी दमट हवेत ओलावा धरते, पत्ते एकमेकांना चिकटतात आणि हातात पंख्यासारखे उलगडत नाहीत. चकाकणाऱ्या लोखंडी रिंगांचा मुलामा जिथे उडतो, तिथे गंज चढतो. रेशमी रुमाल वाऱ्यावर उडाला तर त्यासोबत गुपितही उडतं! क्षणात भडकणारा 'फ्लॅश पेपर' तर झावळ्यांच्या मांडवाखाली, मुलांच्या गर्दीत नकोच.

'थंब टिप' म्हणजे अंगठ्यावर बसणारं पोकळ टोपण. ही छोटी वस्तू मात्र घेण्यासारखी आहे. ती स्वस्त आहे, गंजत नाही आणि तिच्यावर अनेक प्रयोग होतात. ज्या वस्तूवर एकच प्रयोग होतो आणि दरवेळी नवं रिफिल लागतं, तिचा खर्च मात्र दर कार्यक्रमाला वाढतच जातो.

पार्सल उघडल्यावर 'एवढंच?' असं वाटलं, तर ती फसवणूकच असेल असं नाही. इथे किंमत मुख्यतः गुपिताची असते, त्यामुळे अनेक विक्रेते माल परत घेत नाहीत. पुण्याच्या जादूगार रघुवीर यांच्या घराण्यात ही कला ३ पिढ्या चालली, ती काही नुसत्या पेट्यांच्या जोरावर नाही. आपल्याकडचे गारुडी ३ वाट्या आणि चेंडू घेऊन रस्त्यावरची गर्दी थांबवत आले आहेत.

कुणी तीच वस्तू 'सिद्ध' किंवा 'नशीब पालटणारी' म्हणून विकत असेल, तर ते जादूचं सामान नव्हे. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

सुरुवात दोरीपासून करता येईल. फक्त मासेमारीची नायलॉनची दोरी घेऊ नका. ती ताठ असते आणि गाठ निसटते. मऊ सुती दोरी घ्या, ती कापून पुन्हा जोडण्याचा प्रयोग महिनाभर आरशासमोर करा आणि मगच पुढची ऑर्डर द्या.