अशांत काळात मैदान कुणासाठी?

आमच्या घाटकोपरच्या शाळेत नववीच्या मुलांना हल्ली क्रिकेटइतकेच फॉर्म्युला वनचे वेड आहे. मागे एकाने विचारले, "मिस, जिद्दाला मिसाईल पडले तरी रेस झाली. मग आपल्याकडे जरा गडबड झाली की शाळा का बंद करतात?" वर्ग हसला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

तो म्हणत होता ते खरे आहे. 25 मार्च 2022 रोजी, शुक्रवारी, जिद्दाच्या सर्किटवर सराव चालू असताना हूथींनी अरामकोच्या तेलसाठ्यावर हल्ला केला. धुराचे लोट सर्किटवरून दिसत होते. चालकांची रात्री उशिरापर्यंत बैठक चालली, त्यांची समजूत काढली गेली आणि रविवारी शर्यत ठरल्याप्रमाणे झाली. आपल्या घरांना जिद्दा हे केवळ टीव्हीवरचे नाव नाही. हज-उमऱ्याला जाणारे तिथेच उतरतात आणि कोकणातल्या कितीतरी घरांतली माणसे तिथे कामाला आहेत. त्या रात्री अनेकांनी तिकडे फोन लावले असतील. शर्यत व्हावी की नाही, हे मात्र त्या शहरात राहणाऱ्या कुणालाही विचारले गेले नाही.

त्याच्या दहा वर्षे आधीची बहरीनची गोष्ट अधिक कटू आहे. फेब्रुवारी 2011 मध्ये हजारो माणसे मनामाच्या पर्ल चौकात हक्क मागायला बसली. त्यांच्यावर गोळ्या चालल्या आणि मार्चमधली शर्यत रद्द झाली. पुढे तो चौकच पाडण्यात आला. अटक झालेल्यांमध्ये खुद्द सर्किटचे कर्मचारीही होते. सरकारनेच नेमलेल्या चौकशी आयोगाने त्याच वर्षी कैद्यांचा छळ झाल्याचे नोंदवले. तरीही 22 एप्रिल 2012 रोजी शर्यत भरलीच. देश एक होऊन उत्सव साजरा करतो आहे, असे तिचे घोषवाक्य होते. त्या वेळी अब्दुलहादी अल-ख्वाजा हे मानवी हक्क कार्यकर्ते तुरुंगात दोन महिन्यांहून अधिक काळ उपोषणावर होते. शर्यतीच्या आदल्या दिवशी एका निदर्शकाचा मृतदेह सापडला. विजय मल्ल्यांच्या फोर्स इंडिया संघाची माणसे हॉटेलकडे परतताना निदर्शक आणि पोलिसांच्या चकमकीत सापडली, जवळच पेट्रोल बॉम्ब पडला. संघातले दोघे मायदेशी परतले आणि अंधारापूर्वी हॉटेल गाठता यावे म्हणून संघाने शुक्रवारचे दुसरे सराव सत्र सोडून दिले. बाकी सगळे वेळापत्रकाप्रमाणे पार पडले.

अशा वेळी एक वाक्य हमखास ऐकू येते: खेळात राजकारण आणू नका. पण ज्या शर्यतीचे घोषवाक्यच देशाच्या एकीचे आहे, तिच्यात राजकारण आणले कुणी? चौकात बसलेल्यांनी, की त्या चौकावरून बुलडोझर फिरवून परदेशी कॅमेऱ्यांना बोलावणाऱ्यांनी?

हा वाद आपल्या मुंबईने फार पूर्वी घातला आहे. आजीआजोबांच्या पिढीला पंचरंगी सामने आठवत असतील. 1912 पासून युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुस्लिम असे चार संघ मुंबईत खेळत, ते चौरंगी. 1937 मध्ये 'द रेस्ट' म्हणजे बाकीच्यांचा पाचवा संघ आला, त्यात ख्रिस्ती होते, ज्यू होते. सांगलीचे विजय हजारे याच संघाचे. सामन्याच्या दिवसांत शहराला दुसरा विषय नसे. असे असूनही 1930 ते 1933 या काळात स्पर्धा झाली नाही. मिठाचा सत्याग्रह आणि कायदेभंग चालू होता, माणसे लाठ्या खात होती, तुरुंग भरत होते.

1940 च्या डिसेंबरात पुन्हा तोच पेच आला. वैयक्तिक सत्याग्रहात नेत्यांची धरपकड चालली होती, युरोपात महायुद्ध पेटले होते आणि इकडे ब्रेबॉर्न स्टेडियमवर सामन्यांची तयारी झाली होती. हिंदू जिमखान्याचे लोक वर्ध्याला जाऊन गांधीजींना भेटले. सामने थांबवावेत असे ज्यांना वाटते त्यांच्या बाजूने आपण आहोत, असे गांधीजींनी सांगितले. जगावर शोककळा असताना असल्या करमणुकी नकोत हे एक, आणि धर्माच्या नावाने संघ पाडणेच मुळात खिलाडूपणाला धरून नाही हे दुसरे. जिमखान्यात जोरदार वाद झाला, मतदान झाले आणि हिंदू संघ त्या वर्षी खेळला नाही.

मुस्लिम संघ खेळला आणि जिंकलाही. अंतिम सामन्यात त्याने 'द रेस्ट'ला हरवले. ही गोष्ट आपल्याकडे सांगताना बहुतेक वेळा विजय सांगितला जातो आणि समोर कोण नव्हते ते सांगायचे राहून जाते. त्या काळी या सामन्यांच्या विरोधात सर्वांत नेटाने लिहिणाऱ्या वर्तमानपत्रांत 'बॉम्बे क्रॉनिकल' होते आणि त्याचे संपादक होते सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी. मुस्लिम संघ जिंकत असताना मुस्लिम संपादकाच्या पत्राने ही भूमिका घेणे सोपे नव्हते. आपल्या मुलांच्या पुस्तकांत ब्रेलवींचे नाव यायला हवे, असे मला शिक्षिका म्हणून नेहमी वाटते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. 1944-45 च्या हंगामात हिंदू आणि मुस्लिम अंतिम सामन्यात समोरासमोर आले. बाहेर फाळणीच्या मागणीने वातावरण तापले होते. के. सी. इब्राहिम एक बाजू धरून शेवटपर्यंत नाबाद राहिले आणि मुस्ताक अलींच्या संघाने तो सामना एका गड्याने जिंकला. स्टेडियम खच्चून भरले होते, दंगल झाली नाही आणि विजय मर्चंट यांनी मोकळ्या मनाने जिंकलेल्यांचे अभिनंदन केले. खेळ माणसांना जोडतो म्हणणाऱ्यांकडे हा पुरावा आहे आणि तो मी नाकारणार नाही. पण 1946 च्या दंगलींपुढे तो टिकला नाही. पंचरंगी सामने तिथेच संपले.

मग अशांत काळात मैदान बंदच ठेवायचे का? मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण 1993 सालात आहे. मी तेव्हा जोगेश्वरीत शाळेत होते. डिसेंबर आणि जानेवारीच्या दंगलींत या शहरात 900 माणसे गेली, हा श्रीकृष्ण आयोगाचा आकडा. इंग्लंडचा संघ तेव्हा भारतात होता आणि अहमदाबादचा एकदिवसीय सामना रद्द झाला होता. फेब्रुवारीत वानखेडेवर कसोटी झाली. आमच्या दोन खोल्यांत त्या वेळी नातेवाईकांची आणखी दोन कुटुंबे राहत होती. विनोद कांबळीच्या 224 धावा अब्बांनी रेडिओ मांडीवर घेऊन ऐकल्या आणि दोन महिने गप्प असलेले मामू मध्येच म्हणाले, "पोरगा चांगला खेळतोय." मय्यतीच्या घरी शेजारी डबा पाठवतात, जेवा म्हणून आग्रह करतात, त्यातलेच ते काहीतरी होते. त्या सामन्याने काही भरून आले नाही. पण शहरात काही घडलेच नाही, असे सांगण्यासाठीही तो भरवला नव्हता.

फरक मला इथे दिसतो. मय्यतीच्या घरी डबा नेणारा शेजारी वेगळा आणि त्याच घरासमोर मांडव घालून, दारावर पडदा ओढून पाहुण्यांना जेवायला बसवणारा वेगळा. शर्यत किंवा सामना भरवणाऱ्याला विचारायचे ते एवढेच: ज्यांच्या घरात माणूस गेला किंवा तुरुंगात आहे, त्यांना त्या दिवशी रस्त्यावर येऊन बोलता येईल का? 1940 च्या मुंबईत गुलामी असूनही जिमखान्याच्या सभासदांनी हात वर करून निर्णय घेतला आणि आपल्या संघाचे नुकसान स्वतः सोसले. 1974 मध्ये भारताचा टेनिस संघ डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेशी खेळायला त्याने नकार दिला. चषक आफ्रिकेकडे गेला. विजय आणि आनंद अमृतराज ऐन उमेदीत होते, त्यांना ती संधी पुन्हा सहज मिळणार नव्हती.

फॉर्म्युला वनमध्ये असा हिशोब कोण करतो? यजमान देश शर्यतीसाठी भरपूर पैसा मोजतो, करार अनेक वर्षांचे असतात, आणि चालकाने तोंड उघडले तर संघमालक, प्रायोजक, संघटना सगळे त्याच्याकडे पाहू लागतात. तरी लुईस हॅमिल्टनने बहरीनमधल्या कैद्यांच्या कुटुंबीयांकडून आलेल्या पत्रांविषयी जाहीरपणे सांगितले. तो शर्यतीतून मागे हटला नाही, आणि त्याबद्दल त्याला नावे ठेवणारेही आहेत. मी त्यांच्यात नाही. त्या पत्रांमुळे निदान मोटारी पाहायला बसलेल्या पोरांच्या कानांवर त्या कैद्यांची गोष्ट गेली. अल-ख्वाजांना 2011 मध्येच जन्मठेप झाली होती. 2012 ची शर्यत झाली त्या दिवशी सेबास्टियन फेटल पहिला आला, आणि त्यांचे उपोषण त्यानंतरही महिनाभर चालू होते.