एकतिसाव्या मुलाचे पंधरा हजार

३ जून २०२०. दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं आणि दिवेआगर-श्रीवर्धनच्या वाड्यांमधल्या पोफळी काही तासांत आडव्या झाल्या. घरांची कौलं गेली, पत्रे गेले. शाळांचेही गेले. करोनामुळे वर्ग रिकामे होते, एवढंच त्यातल्या त्यात नशीब.

घराचा पत्रा उडाला तर घरमालक नवा आणतो. कर्ज काढील, उधारी करील, पण आणील. जिल्हा परिषदेच्या शाळेचा पत्रा उडाला तर कोण आणतो? मुख्याध्यापक? सरपंच? अलिबागला बसलेले साहेब? की दिल्लीतलं मंत्रालय? उत्तर ऐकून हसू येईल : थोडे थोडे सगळेच. आणि त्यात तुम्हीही आहात. पगारातून प्राप्तिकर कापला जात असेल, तर त्या पत्र्याच्या एखाद्या जे-बोल्टवर तुमचाही हक्क आहे.

कसा, ते बघा. प्राप्तिकराच्या हिशेबात सगळ्यात खाली एक ओळ असते : आरोग्य आणि शिक्षण उपकर, ४ टक्के. कर एक लाख झाला तर त्यावर चार हजार आणखी. ही ओळ २००४ साली जन्मली, तेव्हा फक्त प्राथमिक शिक्षणासाठी आणि २ टक्क्यांची होती. २००७ मध्ये माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी १ टक्का वाढला, २०१८ मध्ये आरोग्यही आत आलं आणि एकूण ४ टक्के झाले. प्राथमिक शिक्षणाच्या वाट्याचे पैसे ज्या कोशात जातात त्याचं नाव प्रारंभिक शिक्षा कोश. याची गंमत अशी की सरकारी पैसा ३१ मार्चला ‘व्यपगत’ होतो, म्हणजे खर्च झाला नाही तर परत जातो. पण हा कोश त्याला अपवाद आहे. इथले पैसे वर्ष संपलं तरी राहतात.

म्हणजे शाळेसाठी करावर कर लावायची कल्पना एकविसाव्या शतकातली? थांबा. १८६३-६४ मध्ये मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयावर एक आणा जादा घ्यायला सुरुवात झाली. त्याला ‘लोकल फंड’ म्हणत. त्यातला एक तृतीयांश शाळांसाठी, बाकीचा रस्ते वगैरेंसाठी. आता जरा हिशेब करा. रुपयाचे सोळा आणे. एका आण्याचा तिसरा हिस्सा म्हणजे रुपयाचा अठ्ठेचाळिसावा भाग. टक्क्यांत मांडला तर २.०८! मध्ये १४० वर्षं गेली, साहेब गेला, आणे गेले, शेतसाऱ्याच्या जागी प्राप्तिकर आला, आणि शाळेसाठी जादा किती घ्यायचे याचं उत्तर पुन्हा दोन टक्क्यांवर येऊन थांबलं. यामागे कुणी जुनी दप्तरं चाळली असतील असं मला वाटत नाही. योगायोगच असावा, पण काय योगायोग!

एक फरक मात्र मोठा आहे. तो आणा शेतकऱ्याकडून जाई. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुल्यांनी शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे निवेदन ठेवलं, त्यात नेमकं यावरच बोट ठेवलं : सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर. अनुदानाचा प्रश्न ‘किती दिलं’ एवढाच नसतो, ‘कुणाचं घेतलं आणि कुणाला दिलं’ हा असतो, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं. आज अर्थसंकल्पावर बोलणाऱ्यांपैकी किती जण इतकं सरळ बोलतात?

(दिवेआगर त्या काळी इंग्रजी मुलखात नव्हतं. ते जंजिऱ्याच्या सिद्दीच्या संस्थानात होतं, ते १९४८ पर्यंत. तो आणा शेजारच्या कुलाबा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या खिशातून जात होता.)

आणखी मागे जायचंय? दिवेआगरला सापडलेला शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचा ताम्रपट मराठीतल्या सगळ्यात जुन्या ताम्रपटांत मोडतो. त्यात राजाची स्तुतिस्तोत्रं नाहीत. माणसांची नावं आहेत आणि सोन्याचा हिशेब आहे. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेखही शके ९८२ चाच. एकाच वर्षी कोकणच्या शिलाहार राजांच्या राज्यात एकीकडे दगडावर मंदिराची नोंद होत होती आणि इकडे किनाऱ्यावर तांब्यावर व्यवहार लिहिला जात होता. याच शिलाहारांच्या काळातले कान्हेरीच्या लेण्यांतले नवव्या शतकातले लेख वाचले की डोळे विस्फारतात. विहाराला दिलेल्या देणगीची तिथे खर्चाच्या बाबींनुसार विभागणी आहे : इतके द्रम्म (तेव्हाची नाणी) दुरुस्तीला, इतके भिक्षूंच्या वस्त्रांना, इतके पुस्तकांना. दुरुस्ती, गणवेश, पुस्तकं. आजच्या समग्र शिक्षा अभियानाच्या, म्हणजे केंद्राच्या शालेय शिक्षण योजनेच्या, अंदाजपत्रकात हीच तीन शीर्षकं दाखवता येतील.

आता त्या अंदाजपत्रकाकडे येऊ, कारण खरी जादू तिथे आहे.

केंद्र सरकारला दिवेआगर कुठे आहे हे कसं कळतं? एका अकरा अंकी क्रमांकावरून. भारतातल्या प्रत्येक शाळेला असा यू-डायस क्रमांक असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढचे दोन जिल्ह्याचे, रायगडचे २४. मग दोन तालुक्याचे, तीन गावाचे आणि शेवटचे दोन खुद्द शाळेचे. २७२४ ने सुरू होणारा आकडा दिसला की समजावं, शाळा रायगडातली. या क्रमांकापुढे मुख्याध्यापक दरवर्षी भरतात : खोल्या किती, त्यातल्या दुरुस्तीला आलेल्या किती, मुलींचं स्वच्छतागृह चालू आहे का, नळाला पाणी येतं का, उतरता मार्ग आहे का, वीज आहे का. आणि सगळ्यात मोलाचा आकडा, पट. तो परंपरेने मोजतात ३० सप्टेंबरचा.

पट मोलाचा का? कारण वर्षाचं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. ३० पर्यंत मुलं असतील तर १० हजार रुपये. १०० पर्यंत २५ हजार. २५० पर्यंत ५० हजार, हजारापर्यंत ७५ हजार, त्यापुढे एक लाख. यातला किमान दहा टक्के खर्च स्वच्छतेवर करायचा. बाकीच्यात खडू, विजेचं बिल, पाण्याची मोटर, खेळाचं साहित्य, इंटरनेट, बिघडलेलं काहीबाही आणि इमारतीची किरकोळ डागडुजी.

पायऱ्या नीट बघा. ३० मुलांच्या शाळेला १० हजार, ३१ मुलांच्या शाळेला २५ हजार. म्हणजे एकतिसावं मूल एकटं पंधरा हजार रुपये घेऊन शाळेत येतं! आणि गणपतीनंतर त्याच्या आईबापांनी बिऱ्हाड नालासोपाऱ्याला हलवलं, की तेवढेच पैसे त्याच्याबरोबर एसटीत बसून निघून जातात. कोकणातल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना ३० सप्टेंबर ही तारीख परीक्षेच्या निकालासारखी का वाटते, ते आता कळलं असेल.

खरं तर निकालाशी अनुदान बांधायचा प्रयोगही इथे होऊन गेला आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदान द्यायची पद्धत घालून दिली. पुढच्या दशकात मुंबई इलाख्यात नियम आला तो ‘निकालाप्रमाणे पैसे’ असा. दिपोटी साहेब (शाळा तपासणारे डेप्युटी इन्स्पेक्टर) शाळेत येत, एकेका मुलाला उभं करून वाचायला, लिहायला, गणित करायला लावत, आणि जितकी मुलं पास तितकं अनुदान. कल्पना करा, पाढा चुकला की शाळेचे पैसे बुडाले! इंग्लंडात हीच पद्धत १८६२ पासून होती. दोन्हीकडे मास्तरांनी तेच केलं जे कुणीही केलं असतं : परीक्षेपुरती घोकंपट्टी. काही दशकांनी दोन्हीकडे ती गुंडाळली गेली.

मग पटावर पैसे देणं बरं ना? निकालापेक्षा बरं, नक्कीच. पण मला त्यातली एक गोष्ट पटत नाही. मुलं तीसवरून बारावर आली म्हणून छप्पर लहान होत नाही. खाऱ्या वाऱ्याने पत्रा गंजतो तो पट बघून गंजत नाही. दहा हजारांतले हजार स्वच्छतेला काढा, उरले नऊ. बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला साडेसातशे. त्यात विजेचं बिल भरून किनाऱ्यावरच्या इमारतीची निगा कशी राखायची? समुद्रापासूनचं अंतर हा एक रकाना त्या सूत्रात असता, तर रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या शेकडो लहान शाळांना न्याय मिळाला असता.

हे दहा हजार तरी शाळेपर्यंत येतात कसे? दरवर्षी राज्याची कार्ययोजना दिल्लीत प्रकल्प मान्यता मंडळापुढे जाते. मंजूर झालेल्या रकमेतले ६० टक्के केंद्राचे, ४० टक्के राज्याचे. पैसे येतात मुंबईत महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेकडे. तिथून अलिबाग, तिथून श्रीवर्धनची पंचायत समिती, तिथून शाळा. पूर्वी पैसे खरंच असे उतरत. दिवेआगरच्या वाडीत विहिरीचं पाणी पाटाने पोफळीच्या एकेका आळ्यात सोडतात ना, तसंच. आळं भरलं की माती लोटून पुढचं उघडायचं. वाटेत पाणी मुरायचं, कुठे साचून राहायचं, शेवटचं आळं कधी कोरडंच. २०२१ पासून पाट बंद झाला. आता पाणी विहिरीतच राहतं आणि प्रत्येक झाडाला फक्त सांगितलं जातं, तुझ्या नावावर इतक्या घागरी आहेत. शाळेचं खातं शून्य शिलकीचं. त्यावर पैसे नसतात, मर्यादा असते. रंगवाल्याचं बिल आलं की एकाने संगणकावर नोंद करायची, दुसऱ्याने मंजुरी द्यायची, आणि त्याच क्षणी राज्याच्या एकमेव खात्यातून रक्कम थेट रंगवाल्याच्या खात्यात पडते. शाळेने पैशाला हातही लावला नाही!

व्यवस्था म्हणून हे थक्क करणारं आहे. तरीही त्यात एक काटा राहून गेलाय. ज्या प्रारंभिक शिक्षा कोशातून हा प्रवास सुरू झाला तो ३१ मार्चला मरत नाही, पण शाळेच्या नावावरची मर्यादा मरते. मर्यादा फेब्रुवारी-मार्चमध्ये आली की घाईघाईने खरेदी होते, आणि पत्रा बसवायचा खरा मोसम, पावसाआधीचे एप्रिल-मे, हातातून जातो.

आणि मोठा खर्च? वादळात गेलेलं अख्खं छप्पर दहा हजारांत होणार नाही. त्याची वाट वेगळी. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत प्राथमिक शाळेच्या दुरुस्तीला जागा आहे, महाविद्यालयाला नाही. वर्गखोल्यांसाठी जिल्हा नियोजन समिती, आमदार निधी, खासदार निधी. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावलं, आणि त्या कामांच्या यादीत शिक्षण आहे. (दोन टक्के! हा आकडा आपला पिच्छा सोडत नाही.) पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीतले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून ठेवले होते. शाळेचा नळ आणि स्वच्छतागृह त्यात बसायचं. म्हणून कित्येक गावांत मुलींच्या स्वच्छतागृहाचे पैसे शिक्षण खात्यातून न येता ग्रामपंचायतीतून आले.

एवढ्या सगळ्या वाटांपैकी कुठली धरायची हे ठरवतं कोण? इथे २००९ चा शिक्षण हक्क कायदा येतो आणि मला त्यातलं एकवीस क्रमांकाचं कलम सगळ्यात धाडसी वाटतं. प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती हवी. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य आईवडील हवेत. एकूण सदस्यांत निम्म्या बायका हव्यात. महाराष्ट्रात अध्यक्ष पालकांतलाच, मुख्याध्यापक फक्त सचिव. बाविसाव्या कलमाप्रमाणे शाळा विकास आराखडा तयार करायचा तो या समितीने. आधी पत्रा की आधी नळ? आधी कुंपण की आधी पुस्तकं? सकाळी मासळी विकून आलेली, वाडीत सुपाऱ्या सोलणारी आई संध्याकाळच्या बैठकीत याच्यावर मत देते आणि ते इतिवृत्तात उतरतं. कायद्याने हा अधिकार तिचा आहे. बैठक नुसती सह्यांपुरती झाली तर तो कागदावर राहतो, आणि तसं पुष्कळ ठिकाणी होतं हे नाकारण्यात अर्थ नाही.

तुमचं मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत असेल तर समितीच्या पुढच्या बैठकीला जा आणि दोन कागद मागा : या वर्षीच्या अनुदानाचा हिशेब आणि शाळा विकास आराखडा. मुंबई-पुण्यात असाल तर केंद्राच्या विद्यांजली संकेतस्थळावर शाळांनी स्वतः मांडलेल्या गरजा दिसतात. पंखे, बाकं, पुस्तकं थेट देता येतात. आणि गावातच राहत असाल तर २ ऑक्टोबरच्या सुमारास पुढच्या वर्षाच्या ग्रामविकास आराखड्यासाठी ग्रामसभा भरू लागतात, तिथे शाळेची दुरुस्ती नावानिशी लिहून घ्या. आराखड्यात नसलेल्या कामाला पैसे मिळत नाहीत.